फाडलेला रोखा

"काय मान्य हाय रे लेकरा?"

आईनं हे विचारलं तेव्हा तिच्या उजव्या हाताचा अंगठा त्या काळ्या यंत्राच्या काचेवर होता. अंबाजोगाईच्या बसस्थानकामागं एका गल्लीत ते सेवा केंद्र आहे, दहा बाय बाराचं. मे महिना, दुपारचे दोन. कूलरच्या वाळ्याचा ओला वास आणि लॅमिनेशनच्या मशीनमधून येणारा तापल्या प्लॅस्टिकचा वास एकमेकांत मिसळलेले. लाइट दोनदा जाऊन आलेली. शेतीच्या नोंदणीसाठी आम्ही तिथं बसलो होतो. वडील गेल्यावर दीड एकर आईच्या नावावर आलं आणि त्या दीड एकरासोबत पासवर्ड, ओटीपी, केवायसी असं सगळं गोतावळ्यासारखं मागं मागं आलं. पोरगा चटपटीत होता. आईचं आधार कार्ड त्यानं आधी आपल्या मोबाईलमध्ये टिपलं, मग झेरॉक्स काढली, मग तिचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसून काचेवर टेकवला. पहिल्या वेळी घेतला नाही. दुसऱ्यांदा नाही. कापूस वेचून, खुरपून आईच्या बोटांवरच्या रेषा नदीकाठच्या गोट्यासारख्या गुळगुळीत झाल्यात. "आजी, मान्य हाय म्हना अन् जोरात दाबा," पोरगा म्हणाला. स्क्रीनवर बारीक अक्षरात चार-पाच ओळी होत्या, खाली एक चौकोन, आणि त्या चौकोनात त्यानं टिकही करून टाकली होती. तेव्हा आईनं विचारलं.

"काई नाई आजी, तसंच असतंय ते."

"वाचून तरी दाव."

"इंग्लिशमधी हाय."

"मंग मला काय मान्य हाय, ते तुलाबी ठाव नाई अन् मलाबी नाई."

मागं बसलेली चार-दोन माणसं हसली. पोरगाही हसला, आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. "सर, तुम्हीच सांगा आजींना." मी बावीस वर्षं शाळेत शिकवतोय. नागरिकशास्त्र माझ्याचकडं असतं. मी पुढं वाकून त्या ओळी वाचायला लागलो, दुसऱ्या ओळीपर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "सायब, लाइट जाईल पुन्हा." आणि मी आईला म्हणालो, "दाब तू, आई."

तिनं दाबला. यंत्रानं हिरवा दिवा दाखवला.

परत येताना बसमध्ये ती खिडकीशी झोपली आणि मी मात्र ते "दाब तू" चघळत राहिलो. पोराचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्याला दिवसाला साठ-सत्तर माणसं उरकायची असतात. चुकलो असेन तर मी. मला वाचता येत होतं आणि मी वाचलं नाही. तसं मी कधीच वाचत नाही. मोबाईलवर आजवर मी किती ठिकाणी 'मी वाचले आहे व मला मान्य आहे' यावर बोट ठेवलं असेल? पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारा माणूस दिवसातून एकदा तरी हे लेखी खोटं बोलतो आणि त्याचं काहीच वाटत नाही.

सहीचं सांगतो. आई सही करायला शिकली ती मी तिसरीत असताना, गावातल्या प्रौढशिक्षणाच्या वर्गात. मारुतीच्या देवळात कंदील लावून दहा-बारा बाया बसायच्या. माझ्याच पाटीवर ती घरी सराव करायची, आणि 'त्र' काढताना तिची जीभ ओठांबाहेर यायची. तीन महिने लागले. त्यानंतर ग्रामसभेच्या रजिस्टरात ती पहिल्यांदा सही करून आली त्या दिवशी तिनं गुळाचा शिरा केला होता. 'अंगठेबहाद्दर' ही आमच्याकडं शिवीच होती. माझ्या आजोबांना तालुक्याच्या कचेरीत निळ्या शाईत अंगठा बुडवायला लावायचे आणि घरी आल्यावर ते चुलीतली राख घेऊन तो घासत बसायचे, असं ती सांगते. शाई निघायची नाही. एका घरानं एवढा आटापिटा करून अंगठ्याची सही केली, आणि आता कोणत्याही काउंटरला आई हौसेनं पेन मागते तर समोरचा म्हणतो, सही नको आजी, अंगठा द्या. फरक एवढाच झालाय की आता शाई लागत नाही. त्यामुळं घासून काढायलाही काही उरत नाही.

आजोबांवरून ती पेटी आठवली.

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे, हिरवा रंग उडालेली. तिच्यात निजामाच्या काळातले कागद. दोन-तीन उर्दूत, बाकी मोडीत. मराठवाड्यात बहुतेक घरांत अशी एखादी पेटी असते आणि तिच्यातलं घरात कुणालाच वाचता येत नाही. वडील दर दिवाळीला ती उघडायचे, कागद उन्हात ठेवायचे, डांबराच्या गोळ्या बदलायचे आणि परत बंद करायचे. 2023 च्या शेवटी मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायची गडबड उडाली तेव्हा आमच्या थोरल्या चुलत भावाला त्या पेटीची आठवण झाली. त्या दोन महिन्यांत मोडी वाचणाऱ्याला जो मान आला, तो पेशवाईनंतर आला नसेल! आम्हाला एक निवृत्त मास्तर मिळाले. ओसरीवर सतरंजी टाकून बसले, तपकीर ओढली, भिंग काढलं. आम्ही सगळे श्वास रोखून. त्यातला एक कागद मधोमध फाटलेला होता, दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून दोऱ्यानं बांधलेले. उंदरानं खाल्ला असेल अशी आमची समजूत. मास्तरांनी तुकडे जुळवले आणि हळूहळू वाचत गेले. गावाचं नाव, आजोबांचं नाव, रुपये ऐंशी, हाली शिक्का म्हणजे निजामी चलन, साल 1352 फसली. "यात 590 मिळवा," ते म्हणाले, "1942." खाली एक निळसर डाग होता, तो आजोबांचा अंगठा.

"यात जात नाही लिहिलेली," मास्तर म्हणाले. "कर्ज लिहिलंय. सावकाराचा रोखा आहे हा."

भावाचा चेहरा पडला. मग मास्तरांनी तो फाटका कागद उंच धरून दाखवला. हा उंदरानं खाल्लेला नाही, म्हणाले, फाडलेला आहे. कर्ज फिटलं की सावकारानं ऋणकोच्या समोर रोखा फाडायचा आणि तुकडे त्याच्या हातात द्यायचे, अशी रीत होती. सगळे सावकार पाळत होते असं नाही. म्हणूनच ज्याला फाडून मिळाला तो तुकडे जपून ठेवायचा. दाराआड उभ्या असलेल्या आईनं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं, "मामंजी म्हनायचे, कागद फाडल्याबिगर मी वसरीवरून उठलो न्हवतो." हे तिला माहीत होतं. आम्हीच तिला इतकी वर्षं विचारलं नव्हतं.

त्याच दिवसांत आमच्या बीड जिल्ह्यात नेट बंद झालं होतं. ऑक्टोबर संपता संपता जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि मोबाईलवरचं नेट गेलं. जाळपोळ मी पाहिली नाही, धूर लांबून दिसला, आणि ज्यांची घरं जळाली त्यांच्या जागी स्वतःला ठेवलं की अफवा थांबवायला हवी होती हेही पटतं. पण मला आठवतोय तो मेडिकलवाला. आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला गेलो तर खिशात सत्तर रुपये. दोन वर्षांत रोख पैसे ठेवायची सवयच मोडली होती. त्यानं काउंटरखालून एक जुनी वही काढली, थुंकी लावून पान उलटलं आणि माझं नाव लिहिलं. शंभर मीटरवर संगणक, स्कॅनर, क्यूआर कोडच्या पाट्या, सगळं मेल्यासारखं गप्प, आणि आमचं गाव एका दुपारीत उधारीच्या वहीवर परत आलेलं. हमाली करणारा एक ओळखीचा माणूस म्हणाला, आडत्यानं पैसे 'पाठवलेत' पण ते वाटेतच आहेत. पैसे वाटेत आहेत! जणू एस.टी.नं निघालेत. सर्वोच्च न्यायालयानं 10 जानेवारी 2020 ला काश्मीरच्या प्रकरणात सांगितलंय की नेट बंद करण्याचा आदेश लोकांसाठी प्रसिद्ध केलाच पाहिजे, म्हणजे कुणाला वाटलं तर दाद मागता येईल. वर्गात मी हे शिकवलंय. आम्हाला त्या दिवशी आदेश कळला तो व्हॉट्सअ‍ॅपवरचं चाक फिरत राहिलं तेव्हा. ज्या गोष्टीशिवाय रेशन, मजुरी, औषध काहीच मिळणार नाही अशी व्यवस्था आधी करायची, आणि मग तिची कळ एका सहीवर ठेवायची, हे मला कितीही समजावलं तरी गळ्याखाली उतरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, गावात कुठं कुणाचं काही खासगी असतं? बरोबर आहे. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहात वर्गात विषय काढला. एका पोरानं हात वर केला, "सर, खासगी म्हंजे खासगी शाळेसारखं का?" वर्ग हसला, मीही हसलो, पण खरं सांगायचं तर त्याच्यासाठी त्या शब्दाला दुसरा अर्थ नव्हता. सात माणसं, दोन खोल्या, दार दिवसभर उघडं. आमच्याकडं दार लावलं तरी शेजारीण विचारते, काय झालं गं? कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाची सून माहेरी बसली, कुणाला उचल किती मिळाली, सगळं पारावर जाहीर. या उघडेपणाचा मला लहानपणी फार जाच झाला, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण एक होतं. जो माझं बघायचा त्याचं मलाही दिसायचं. सावकाराच्या वाड्यात काय शिजतंय याचा वास आमच्या घरापर्यंत यायचा. त्याला माझं कर्ज माहीत, तर मला त्याच्या भावकीतलं भांडण माहीत.

माझ्या चुलत भावाच्या पोरानं एका अ‍ॅपवरून चार हजार घेतले, तेव्हा त्या सावकाराचं काहीच कुणाला दिसत नव्हतं. कंपनी कुठली, माणूस कोण, वाडा कुठं, काही नाही. अ‍ॅप उतरवताना 'अलाऊ, अलाऊ' करत गेलेल्या त्या पोराच्या फोनमधले सगळे नंबर मात्र त्यांच्याकडं गेले. हप्ता चुकला आणि आठव्या दिवशी त्याच्या बहिणीच्या सासऱ्याला फोन गेला. तुमच्या सुनेचा भाऊ चोर आहे. हिंदीत. मग मामाला, मग वर्गमित्रांना, मग मला. पोरगं महिनाभर फोन बंद करून शेतातल्या आखाड्यावर राहिलं, त्याच्या आईनं तिथं डबा पोचवला, आणि रात्री एकटं नको म्हणून आम्ही आळीपाळीनं झोपायला जायचो. सप्टेंबर 2022 मध्येच रिझर्व्ह बँकेनं कर्ज देणाऱ्या अ‍ॅपांना फोनमधली संपर्कयादी आणि फोटो यांना हात लावायला मनाई केलेली आहे. पण नियम नोंदलेल्या कंपनीला लागू होतो, आणि हे तर पत्ता नसलेले. पैसे भरले आम्ही सगळ्यांनी मिळून, दुप्पट. भरल्यावर भाऊ मला विचारतो, "आता ते नंबर परत देतेत का?"

त्याला काय उत्तर द्यायचं?

मोठ्या, पत्ता असलेल्या कंपन्यांची गोष्ट फार वेगळी आहे असंही नाही, फक्त त्यांची भाषा सभ्य असते. 2021 च्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपनं नवं धोरण आणलं होतं, आठवतंय? मान्य करा. 'नको' म्हणायला बटणच नव्हतं. आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोन दिवस मोठी क्रांती झाली. सगळे दुसऱ्या अ‍ॅपवर गेले, तिथं कुणीच बोलेना, म्हणून सगळे परत आले. शिक्षणाधिकाऱ्यांचे निरोप, पोरांचा गृहपाठ, दूध डेअरीचा फॅटचा आकडा, मयताची खबर, सगळं जिथं येतं तिथून उठून जाणार कुठं? तळ्याचं पाणी पटत नाही म्हणून म्हैस तळं सोडत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये स्पर्धा आयोगानं याच धोरणासाठी व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीला, मेटाला, 213 कोटी रुपयांचा दंड केला. बातमी वाचून मला बरं वाटलं, आमच्या स्टाफरूममध्ये आकडा ऐकून सगळ्यांनी डोळे मोठे केले. मग गणिताच्या सरांनी खडू घेतला. त्या कंपनीची 2024 ची एकूण मिळकत साडेसोळा हजार कोटी डॉलर. तासाला भाग देत देत ते खाली आले आणि म्हणाले, "जेमतेम दीड तासाची कमाई. आपल्या मधल्या सुट्टीपेक्षा थोडं जास्त." आणि आपण ज्या जिओच्या जोरावर हे सगळं वापरतो, त्या जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये याच मेटानं, तेव्हा नाव फेसबुक होतं, 2020 साली 43,574 कोटी देऊन जवळपास दहा टक्के हिस्सा घेतला, त्यापाठोपाठ गूगलनं 33,737 कोटी घातले. रस्ताही त्यांचा, गाडीही त्यांची आणि गाडीत बसून आपण काय बोललो हेही ऐकणार तेच. 2016 च्या सप्टेंबरात फुकट नेट आलं तेव्हा आमच्या गावात पहिलं सिमकार्ड मीच आणलं होतं, तेही सांगून टाकतो. रात्रभर मी जुनी नाट्यगीतं ऐकली. फुकटाचा तो आनंद खोटा नव्हता.

आईच्या प्रश्नानंतर मी घरी येऊन 2023 चा तो विदा, म्हणजे डेटा, संरक्षणाचा कायदा काढला. संध्याकाळी अंगणात बाज टाकून, मोबाईलच्या उजेडात, डासांना हाकलत वाचला. आणि वाचता वाचता एका जागी उठून बसलो. त्यात लिहिलंय की संमती मागण्याआधी जी सूचना द्यायची, ती माणसाला इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल. म्हणजे आईचं 'वाचून तरी दाव' हे कायद्यात आहे! नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियमही निघाले, पण संमतीचा भाग लागू व्हायला आणखी दीड वर्षाची मुदत. असू दे, आम्हाला थांबायची सवय आहे. माजलगावच्या धरणाखाली जमीन गेलेल्यांना विचारा. पण पुढं वाचत गेलो तसा उत्साह ओसरला. सरकारी अनुदान, लाभ, दाखले देण्यासाठी ठरावीक परिस्थितीत नव्यानं संमती न घेताही माहिती वापरता येते. सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला कायद्यातून सूटही देऊ शकतं. कंपनीला विचारावं लागेल, सरकारला प्रत्येक वेळी नाही; आणि आमच्यासारख्या माणसाची गाठ तर रोज सरकारशीच पडते. याच कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलमालाही कात्री लावली. पूर्वी 'ही वैयक्तिक माहिती आहे' असं उत्तर आलं तर त्याच कलमात बोट दाखवायला जागा होती, सार्वजनिक हित असेल तर द्या म्हणून. ती ओळ तिथून गेली. आमच्या गावात पाझर तलावाच्या हजेरीपटावर तीन मेलेली माणसं कामाला होती, ते माहितीच्या अधिकारात कागद काढला म्हणून उघड झालं. त्या मेलेल्यांची नावं उद्या वैयक्तिक माहिती ठरतील. आईचा अंगठा मात्र जाईल तिथं उघडा.

दहा-बारा दिवसांनी पुन्हा अंबाजोगाईला जावं लागलं. सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यात एका वेलांटीचा फरक निघाला होता. तेच केंद्र, तोच पोरगा, कूलर मात्र बंद. वेलांटीचं काम पाच मिनिटांत झालं. मी पैसे देऊन उठलो तर आई खुर्चीवरून हलेना.

"माझा फोटू काढला व्हतास तू. कार्डाचा."

"कोन्ता, आजी?"

"त्या दिशी. तुझ्या मोबाईलात. काम झालं न माझं? मंग पूस तो."

पोरगा गोंधळला. गर्दी होती, मागं एक बाई कडेवर लेकरू घेऊन उभी होती. मी आईच्या दंडाला हात लावला, तिनं तो काढून ठेवला. पोरानं मोबाईल घेतला आणि गॅलरी वर सरकवत गेला. शेकडो कार्डं. चेहऱ्यामागून चेहरे, पागोटी, पदर, कपाळावरची कुंकवं, सगळ्यांचे बारा आकडे. बोटाच्या एका फटक्यात वीस-पंचवीस माणसं सरकत होती. आईचं सापडायला बराच वेळ लागला. त्यानं तिला दाखवून, तिच्यासमोर, डबा असलेलं चिन्ह दाबलं.

"फाडला?"

"फाडला आजी," पोरगा म्हणाला, आणि या वेळी तो हसला नाही.

मग तिनं ट्रेमधली त्या दिवशीची झेरॉक्स मागितली. तीही त्यानं शोधून दिली. तिनं तिचे मधोमध दोन तुकडे केले, एकावर एक ठेवले, घडी घातली आणि कंबरेच्या पिशवीत सारले. बाहेर ऊन रणरणत होतं. स्टँडसमोरच्या रसवंतीवर आम्ही बसलो. चरकाच्या घुंगरांच्या आवाजात ती मला म्हणाली, त्याला सांग, बर्फ कमी घाल. मी सांगितलं. पुसलेला फोटो मोबाईलच्या त्या डब्यात आणखी महिनाभर तसाच पडून राहतो, हे मात्र मी तिला सांगितलं नाही.